अर्ध्या भाड्याचा टेम्पो

उद्धवची बदली मेहकरला झाली तेव्हा घर हलवायचं सगळं प्रतिमाने स्वतःकडे घेतलं. देऊळगाव राजातल्या त्यांच्या आळीत ती काटकसरी म्हणून प्रसिद्ध होती आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. उद्धव सरकारी कचेरीत कारकून. मेहकरात नव्या घराची अनामत, मुलीची शाळा, गॅस, सगळं एकाच महिन्यात अंगावर येणार होतं. त्यात नुसतं सामान इकडून तिकडे न्यायला मोठी रक्कम घालवणं तिला पटेना.

तिने खोके विकत आणले नाहीत. काचेचे कप उद्धवच्या बनियनांत गुंडाळले, डाळींचे डबे कुकरात बसवले, टीव्ही दोन गाद्यांच्या मधे घातला. सात वर्षांच्या श्रद्धाची खेळणी पिठाच्या डब्यात गेली. पाण्याचा माठ, मोडका पलंग आणि भिंतीवरची मांडणी शेजारणीला देऊन टाकली. ती नेण्यापेक्षा तिकडे हळूहळू घेऊ, असा तिचा हिशेब होता.

टेम्पोही तिनेच शोधला. साखरखेर्ड्याचा इंद्रभान जालन्याला माल टाकून रिकामा परत जात असे. तो फोनवर म्हणाला, "ताई, त्या दिवशी मले मेहकरलेच जायचं हाय. पण वाटेत आमच्या गावातून एका घरचं सामान घ्यायचं हाय. अर्धी गाडी त्यायची, अर्धी तुमची. भाडं बी अर्धंच द्या."

प्रतिमाने लगेच हो म्हटलं.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. उद्धव श्रद्धाला घेऊन मोटरसायकलवर पुढे गेला. सामानावर लक्ष राहावं म्हणून प्रतिमा इंद्रभानच्या शेजारी बसली. साखरखेर्ड्यात शिरल्यावर टेम्पो एका बैठ्या घरापुढे थांबला. दाराला नवं कुलूप होतं. ओट्यावर सामान रचून ठेवलेलं होतं: एक बाज, लोखंडी पेटी, लाकडी मांडणी, पाटा-वरवंटा, माठ आणि बरीच गाठोडी. घरचं कोणीच नव्हतं. समोरच्या ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या माणसाने नुसता हात केला, की हेच ते, न्या.

इंद्रभान आणि त्याचा जोडीदार सामान चढवत होते तेव्हा प्रतिमा खाली उतरून बघत राहिली. गाठोडी इतकी सुबक बांधलेली तिने कधी पाहिली नव्हती. दोरी विकत आणलेली नव्हती. जुन्या लुगड्यांचे काठ फाडून त्यांची वेणी घातली होती. प्रत्येक गाठ दुहेरी, आणि तिचं टोक आत खोचलेलं. माठाच्या पोटात ज्वारीचा भुसा भरून वर फडकं ताणलं होतं. एक पैसा खर्च न करता हे सगळं केलं होतं, आणि एक भांडं फुटणार नव्हतं.

"बांधणारी बाई कोण आहे?" तिने विचारलं.

"हाय एक म्हातारी," इंद्रभान वरून म्हणाला. "मेहकरले पोरगा हाय तिचा."

प्रतिमाला त्या बाईबद्दल एकदम आपुलकी वाटली. गाडीत चढता चढता ती त्या बंद दाराकडे बघून हसून म्हणाली, "चला मावशी, एकाच गाडीत जाऊ आपण."

समोरच्या ओट्यावरचा म्हातारा उठून उभा राहिला, एवढं तिला आरशात दिसलं.

मेहकरचं घर देवळाच्या मागच्या उतारावर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे लांब ओसरी. मालक अकोल्याला राहायचे. उद्धवने आधीच दार उघडून झाडून घेतलं होतं. त्यांचं सामान उतरवून झाल्यावर इंद्रभानने दुसऱ्या पार्टीला फोन लावला. तीनदा, चारदा. कोणी उचलेना.

"ताई, मले लोणारले भाडं हाय," तो डोकं खाजवत म्हणाला. "एक-दोन रोज हे तुमच्या ओसरीत राहू द्या. मी त्यायले सांगतो, ते घेऊन जातीन."

अर्ध्या भाड्यात आलेल्या माणसाला नाही म्हणणं प्रतिमाला जड गेलं. परकं सामान ओसरीच्या एका कडेला लागलं आणि इंद्रभान गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती श्रद्धाला घेऊन शाळेत दाखल्याच्या कामाला गेली होती. उन्हातून परत आली तर स्वयंपाकघरात माठ. पाण्याने भरलेला, भोवती ओलं फडकं, वर उपडा पेला. प्रतिमा दारातच थांबली. उद्धव दुपारच्या सुट्टीत घरी येऊन गेला असणार. परक्याच्या वस्तूला हात लावायला नको होता. पण पाणी असं गार होतं की श्रद्धा दोन पेले एका दमात प्याली. प्रतिमा काही बोलली नाही. रात्री जेवताना उद्धवने माठाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि तोही बोलला नाही.

मग बाज आली. पुढच्या खोलीत खिडकीखाली, जिथे वारा लागतो बरोबर तिथे. रविवारी उद्धव त्या बाजेवर आडवा झाला तेव्हा प्रतिमाला वाटलं, बरं झालं, पलंग घ्यायचा वाचला. दोन दिवसांनी मांडणी स्वयंपाकघरात खिळ्यावर चढली. त्यानंतर पाटा-वरवंटा कोपऱ्यात आला. प्रतिमाने त्यावर जवसाची चटणी वाटली. उद्धव तीन भाकरी जेवला, पण चटणी संपवताना त्याने मान वर केली नाही. प्रतिमाला वाटलं, लाजतोय. तीही लाजत होती. दुसऱ्याच्या मालावर आपण संसार मांडतोय हे दोघांना कळत होतं, आणि म्हणूनच दोघं त्यावर बोलत नव्हते.

इंद्रभानला तिने दोनदा फोन केला. "पार्टी उचलूनच नाही राह्यली, ताई," एवढंच तो म्हणायचा.

याच दिवसांत तिची स्वतःची एकेक वस्तू सापडेनाशी झाली. आधी कुकर. मग मिक्सर. मग तिची चांगली चादर. अजून गोण्या सोडायच्या राहिल्यात, त्यातच असेल, असं ती म्हणायची. एका सकाळी उद्धव कचेरीत गेल्यावर ती राहिलेल्या गोण्या सोडायला ओसरीत गेली, आणि तिच्या लक्षात आलं की परक्या सामानाचा ढीग कमीच झालेला नाही. बाज गेली, मांडणी गेली, पाटा गेला, तरी ढीग तेवढाच होता. गाठोडी उलट जास्तच दिसत होती.

तिने वरचं गाठोडं ओढलं. लुगड्याच्या काठाची वेणी, दुहेरी गाठ, टोक आत खोचलेलं. गाठ सुटेना. शेवटी तिने दातांनी सोडवली.

आत तिचा मिक्सर होता, उद्धवच्या बनियनात गुंडाळलेला. त्याखाली कुकर.

तिने दुसरं गाठोडं सोडलं. तिची चादर, पोळपाट, देवाची घंटा.

भर सकाळचं ऊन ओसरीत आलं होतं. रस्त्याने भाजीवाला ओरडत गेला. प्रतिमा तिथेच जमिनीवर बसून राहिली. उद्धवला बुटाची नाडीसुद्धा नीट बांधता येत नाही, हे तिला ठाऊक होतं.

दुपारी तो जेवायला आला तेव्हा ताट वाढता वाढता तिने विचारलं, "मिक्सर काऊन बांधून ठेवला?"

"कोणता मिक्सर?"

"आपला. तुमी पाटा आत आणला म्हणून?"

उद्धवचा घास हातातच राहिला. "पाटा तर तू आणला ना?"

"मी? तो दगड मले उचलते का?"

"मले वाटलं, ओढत आणला असशील. मी म्हटलं जाऊ दे, तिले हौस आहे."

"आणि बाज?"

"मी आलो तर घातलेली होती."

"माठ?"

"प्रतिमा," उद्धव हळू आवाजात म्हणाला, "त्या दिवशी मी दुपारी घरी आलोच नव्हतो. कचेरीत मीटिंग होती."

माठावरचं फडकं ओलं होतं. ते दोन आठवडे रोज ओलं होतं, आणि प्रतिमाने एकदाही भिजवलं नव्हतं. तिला वाटायचं उद्धव भिजवतो.

त्या दिवशी उद्धव परत कचेरीत गेला नाही. दोघांनी मिळून परक्याचं सगळं सामान ओसरीत नेलं आणि आपलं आत आणलं. उद्धवने नवं कुलूप आणून दाराला लावलं. कोणीतरी चावी असलेलं येत असेल, असं तो म्हणत राहिला. चोर घरातून नेतो, हे कोण आणून ठेवतंय, असं प्रतिमाच्या ओठांवर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती न्हाणीघरात कपडे धूत होती. दहा मिनिटं, फार तर पंधरा. बाहेर आली तर पुढचं दार उघडं. बाज खिडकीखाली. माठ जागेवर, भरलेला. आणि ओसरीच्या शेवटच्या पायरीवर, रस्त्याला अगदी लागून, एक लहान गाठोडं. त्याच्या शेजारी श्रद्धा बसली होती. वेणी घातलेली, पायात चपला, हात मांडीवर.

"इथं काऊन बसली?" प्रतिमाचा आवाज चिरकला.

"निघायचं ना?" श्रद्धा म्हणाली.

"कुठं?"

"मले काय माहीत. माझं सामान बांधलेलं होतं, म्हणून मले वाटलं गाडी येणार."

"तुले कोणी सांगितलं? कोण होतं?"

"कोणीच नाही, आई," श्रद्धा रडकुंडीला आली. "बांधलेलं होतं ना पण."

गाठोड्यात तिचा नवा गणवेश होता, वह्या होत्या, बाहुली होती, आणि ती जेवायची ती छोटी ताटली. प्रतिमाने ते तसंच उचललं, पोरीला कडेवर घेतलं आणि उद्धवच्या कचेरीपर्यंत अनवाणी चालत गेली.

तासाभराच्या आत तिघं साखरखेर्ड्याच्या बसमध्ये बसले.

तो म्हातारा त्याच ओट्यावर होता. भगवानराव त्याचं नाव. त्याने प्रतिमाला ओळखलं. बसायला पोतं टाकलं, श्रद्धाला गूळ दिला, आणि मग समोरच्या बंद घराकडे बघत बोलू लागला.

"सिंधूताई म्हणत तिले. एकटा पोरगा, हर्षल. मेहकरले मोठं दुकान हाय त्याचं. तिकडं घर बांधून राह्यला होता. म्हणे, आई, घर झालं की तुले घेऊन जातो. दोन वर्षं तेच. घर झालं तरी तेच. कधी म्हणे फरशी राह्यली, कधी म्हणे रंग राह्यला. मागच्या उन्हाळ्यात तिनं सारं सामान बांधलं. म्हणे, पोरगा गाडी घेऊन येईन, त्याले थांबा लागू नये."

"मग?" उद्धवने विचारलं.

"मग काय. रोज सकाळी आंघोळ करून धुतलेलं लुगडं नेसे आन् त्या ओट्यावर बसे, गाठोड्याच्या बाजूले. चहाचं भांडं बी बांधलेलं. चहा आमच्या घरून जाये. मी म्हणो, सिंधूताई, सोडा ते, गाडी येईन तवा पाहू. ते म्हणे, नाही भाऊ, उगाच दोनदा काम. पावसाळा गेला. दिवाळीच्या आधी एका सकाळी चहा घेऊन आमची सून गेली, तर बसल्या जागीच..." त्याने हात झटकला. "पोरगा आला. सारं केलं रीतीनं. घर इकून टाकलं. सामानाचं इचारलं तर म्हणे, भंगारात द्या. मले ते काही जमलं नाही. मी इंद्रभानले म्हटलं, त्याच्या दारात नेऊन टाक."

मग भगवानराव प्रतिमाकडे वळला.

"बाई, त्या दिवशी तुमी गाडीत बसता बसता तिले 'चला' म्हटलं होतं."

प्रतिमाने श्रद्धाला जवळ ओढलं.

"तिले इतकी वर्षं तेवढंच ऐकाचं होतं," भगवानराव म्हणाला. "कोणी म्हणे ना."

हर्षलचा पत्ता घेऊन ते मेहकरला परतले. दुसऱ्या दिवशी सकाळीच प्रतिमाने नाक्यावरून टेम्पो बोलावला. टेम्पोवाल्याने सांगितलं ते भाडं तिने मान हलवून कबूल केलं. उद्धव तिच्याकडे बघतच राहिला. सामान चढवताना तिने माठातलं पाणी तुळशीला घातलं, पेटी स्वतः पुसली. सगळं चढल्यावर ती रिकाम्या खोलीत उभी राहिली. तोच शब्द परत उच्चारायची तिला भीती वाटत होती. पण दुसरा शब्द नव्हता.

"सिंधूताई, हे तुमचं घर नाही," ती म्हणाली. "तुमचं घर मी दाखवते. चला."

हर्षलचं घर गावाबाहेर, दुमजली, पुढे चकचकीत फरशीचं पोर्च. हर्षल बाहेर आला आणि टेम्पो पाहून त्याचा चेहरा उतरला.

"हे कोणाले विचारून आणलं?"

"चुकून आमच्या घरी उतरलं होतं," उद्धव म्हणाला.

मागून त्याची बायको, काजल, लेकराला कमरेवर घेऊन आली. "अहो, कुठं ठेवणार आता हे? आपल्याकडं जागा आहे का?"

उद्धव अवघडून बाजूला झाला असता. प्रतिमा पुढे झाली. "आमच्याकडं बी नाही," ती म्हणाली. "दोन खोल्या आहेत आमच्या. तुमच्या आईचं आहे. जागा तुमी पाहा."

हर्षल काही बोलणार होता. त्याची नजर वरच्या गाठोड्यावर गेली आणि तो थांबला. मग त्याने नुसतं पोर्चकडे बोट दाखवलं. टेम्पो वळताना प्रतिमाने मागे पाहिलं. तो उकिडवा बसून एक गाठ सोडवायचा प्रयत्न करत होता. ती त्याला सुटत नव्हती.

त्यांच्या घरात त्यानंतर काही झालं नाही. ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी राहायची. पहिले आठ दिवस प्रतिमा रोज सकाळी पिठाच्या डब्यापासून चपलांपर्यंत सगळं तपासायची. मग तेही सुटलं. श्रद्धाची शाळा सुरू झाली. उद्धव पूर्वीसारखा घोरू लागला. प्रतिमाला मात्र मधूनच काजलच्या कमरेवरचं ते लेकरू आठवायचं, आणि आपण एका घरातलं काढून दुसऱ्या घरात काय नेऊन ठेवलं, या विचाराने तिचा हात चालता चालता थांबायचा.

महिन्याभराने आठवडी बाजारात काजल भेटली. तिनेच हाक मारली. चेहरा थोडा ओढलेला होता, पण शांत.

"ताई, तुमच्याकडं बी झालं होतं ना?" तिने सरळ विचारलं.

प्रतिमाने मान हलवली. मग पहिल्यापासून सगळं सांगितलं, श्रद्धाच्या गाठोड्यासकट. "मी तुमाले त्या दिवशीच सांगायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "चुकलं माझं."

"सांगितलं असतं तर आमी दारच लावून घेतलं असतं." काजल वांगी निवडू लागली. "दहा दिवस फार वाईट गेले. माझं कपाट रिकामं व्हायचं आन् कपडे पोर्चमधे बांधून. एकदा बाळाचं अंथरूण. मी माहेरी निघाली होती. मग यांनी एक दिवस दुकान बंद ठेवलं. खालची मोठी खोली, आमच्या झोपायची, ती रिकामी केली. बाज तिथं घातली, मांडणी लावली. आन् दारात उभं राहून म्हणाले, आई, ये. हे खूप रडले त्या दिवशी. तेव्हापासून काही नाही."

"बरं झालं बाई," प्रतिमाने सुस्कारा सोडला.

"हो ना. आता सवय झाली." काजलने हातातलं वांगं परत ठेवलं आणि भाजीवालीला म्हणाली, "हे नको, जून आहे. आत्याबाईले बिया चावत नाही."

सासूला काजल आत्याबाई म्हणत होती. प्रतिमाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

पिशवी उचलत काजल म्हणाली, "या ना एकदा घरी. आत्याबाई म्हणतच होत्या, त्या बाईले पोरीसकट चहाले बोलाव, चांगली आहे, उगाच घाबरली म्हणून."

हे तिने इतक्या सहज म्हटलं की प्रतिमाच्या तोंडून "येईन" निघून गेलं. ती जाणार नव्हती. काजललाही ते कळलं असावं. ती ओळखीचं हसली आणि निघाली.

बाजारात गर्दी होती. रस्ता ओलांडायच्या आधी काजल थांबली, मागे वळली, आणि कोणीतरी सावकाश येतंय तसा थोडा वेळ तिने वाट पाहिली. मग एका बाजूला एका माणसापुरती जागा सोडून, आपली पावलं लहान करून, ती चालू लागली. समोरून सायकल ढकलत येणारा एक माणूस त्या रिकाम्या जागेतून सरळ येऊ शकला असता. त्याने सायकल थांबवली आणि वळसा घालून गेला.